छोट्या उद्योजकांना मदत करण्याचे सरकारी काम कसे मिळवावे: नाशिकच्या संस्थांसाठी

येवल्यातल्या विणकराला कर्जाचा प्रकल्प अहवाल हवा असतो, सुरगाण्यातल्या बचत गटाला नागलीच्या बिस्किटांसाठी अन्नपरवाना. या मदतीसाठी सरकारी योजना आहेत, पण प्रत्यक्ष प्रशिक्षण, अहवाल आणि बँकेतला पाठपुरावा ही कामे बऱ्याचदा बाहेरच्या संस्थांकडून करून घेतली जातात. जिल्हा ओळखणाऱ्या स्थानिक संस्थांनी ती मिळवायलाच हवीत, असे मला मनापासून वाटते.

आधी काम कुठून निघते ते पाहा

सातपूरच्या उद्योग भवनातले जिल्हा उद्योग केंद्र, महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र, ग्रामीण बचत गटांसाठीचे राज्याचे उमेद अभियान, महिला आर्थिक विकास महामंडळ (माविम), जिल्हा परिषद आणि महापालिका यांच्या योजना वाचून काढा. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादन उद्योगाला ५० लाखांपर्यंत आणि सेवा उद्योगाला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. योजनेच्या अटींतच प्रशिक्षण असेल, तर ते द्यायला कोणीतरी लागणारच. महाटेंडर्स (राज्याच्या निविदांचे पोर्टल) आणि जेम (केंद्राचे सरकारी खरेदीचे पोर्टल) या दोन्हींवर रोज नजर टाका. महाटेंडर्सवर जुन्या निविदांचे निकालही दिसतात. काम कोणाला गेले, कितीला गेले, हे तिथून कळते.

कागदपत्रे

पॅन, जीएसटी, तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, आयकर विवरणपत्रे, क्लास ३ डिजिटल सही. उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग म्हणून होणारी सरकारी नोंदणी, मोफत असते, त्यासाठी कोणालाही पैसे देऊ नका. केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांना निविदा संच मोफत मिळतो आणि बयाणा रक्कम (निविदेसोबत भरायची अनामत) माफ असते. पण हे धोरण केंद्राची खाती आणि सार्वजनिक उपक्रमांसाठी आहे. राज्याच्या किंवा महापालिकेच्या निविदेत सूट आहे की नाही, ते त्याच निविदेत शोधा.

अनुभवाचा पुरावा: खरी लढाई इथेच

‘आम्ही शेकडो उद्योजक घडवले’ या वाक्याला तांत्रिक छाननीत शून्य किंमत आहे. निविदा तपासणाऱ्या समितीला कार्यादेश (काम दिल्याचे पत्र) हवा, काम पूर्ण झाल्याचा दाखला हवा आणि मिळालेली रक्कम दाखवणारा कागद हवा. काम संपले की त्याच आठवड्यात दाखला मागून घ्या. अधिकाऱ्याची बदली झाली की तोच दाखला महिनोन्‌महिने लटकतो.

सोबत स्वतःची नोंदवही ठेवा. हजेरीपट सगळेच ठेवतात. तुमच्या वहीत प्रत्येक उद्योजकामागे एक ओळ असावी: नाव, गाव, व्यवसाय, अहवाल कोणत्या शाखेत कधी दिला, बँकेने काय त्रुटी काढली, ती कधी दुरुस्त झाली, कर्ज मंजूर झाले का, धंदा सुरू झाला का. ही वही असलेली संस्था कार्यपद्धतीच्या सादरीकरणात वेगळीच उठून दिसते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, अर्धवट अडकलेला माणूस तिच्यामुळे नजरेतून सुटत नाही.

अनुभवच नसेल तर मोठ्या संस्थेबरोबर भागीदारीत उतरा किंवा तिच्या हाताखाली एक-दोन तालुके घ्या. मात्र निविदेत संयुक्त भागीदारी किंवा उपकंत्राट चालते का, ते आधी वाचा.

निविदा वाचताना

पात्रतेच्या अटी आणि गुणांचा तक्ता आधी वाचा. पात्रतेची एक अट जरी बसत नसेल तरी तिथेच थांबा. उलाढालीची अट कामाच्या मानाने अवाजवी वाटली तर निविदापूर्व बैठकीत लेखी प्रश्न द्या. अट बदलणारे शुद्धिपत्रक निघू शकते.

दर

सगळीकडे सर्वात कमी दरच जिंकतो, असे नाही. सल्लासेवांच्या निविदांत अनेकदा गुणवत्ता आणि दर यांना एकत्र गुण असतात. समजा गुणवत्ता आणि दराचे प्रमाण ७०:३० आहे. तुम्हाला तांत्रिक गुण ९० आणि तुमचा दर ५ लाख. समोरच्याला ७० गुण आणि दर ४ लाख. दराचे गुण सर्वात कमी दराच्या प्रमाणात मिळतात, म्हणजे त्याला १०० आणि तुम्हाला ८०. तुमची बेरीज ६३ अधिक २४, म्हणजे ८७. त्याची ४९ अधिक ३०, म्हणजे ७९. काम तुमचे.

म्हणून पेठ-सुरगाण्याचा प्रवास आणि प्रशिक्षणानंतरच्या बँकफेऱ्या दरात धराच. त्या वगळून काम घेतले की पाठपुरावा बंद पडतो आणि नुकसान उद्योजकाचे होते.

भरताना

महाटेंडर्सवर दरपत्रकाची एक्सेल फाइल जशी उतरवली तशीच भरा, तिचे नाव बदलू नका. ऑनलाइन निविदेचे तांत्रिक आणि आर्थिक असे वेगळे भाग असतात, त्यांना लिफाफे म्हणतात. दर फक्त आर्थिक लिफाफ्यात. तांत्रिक लिफाफ्यात चुकूनही आकडा गेला तर निविदा बाद होऊ शकते. सगळे अपलोड झाल्यावर शेवटचे ‘फ्रीज बिड सबमिशन’ बटण दाबल्याशिवाय निविदा दाखलच होत नाही. हे काम आदल्या दिवशी उरका आणि पोचपावती छापून ठेवा.

बिल

देयके टप्प्यांनी मिळतात, त्यामुळे काही महिने पगार भागतील एवढे खेळते भांडवल हाताशी हवे. प्रत्येक टप्प्याचा अहवाल देताना पोच घ्या. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असे २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो. उशिरावर रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. पत्रव्यवहाराने भागले नाही तर थकलेल्या देयकांचे वाद सोडवणाऱ्या सुविधा परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. त्यासाठी उद्यम नोंदणी काम घेण्याआधीची असलेली बरी.