नियामकाची मार्गदर्शिका बदलली? शिकाऊ उमेदवारांचं मूल्यमापन करणाऱ्या संस्थांनी या चुका टाळाव्यात

इंग्लंडमध्ये शिकाऊ उमेदवारांच्या मूल्यमापनाची फेररचना फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर झाली. त्यानंतर या संस्थांचे कागद सतत बदलताहेत. चुका मात्र त्याच त्याच होतात.

अट आणि मार्गदर्शन यांची गल्लत

ऑफक्वल म्हणजे इंग्लंडमधला पात्रता आणि परीक्षांचा नियामक. त्याच्या अटी बंधनकारक आहेत. मार्गदर्शन 'विचारात घेणं' शिकाऊ उमेदवारी आणि कौशल्यांविषयीच्या २००९ च्या कायद्यानुसार सक्तीचं आहे, पण त्यातलं प्रत्येक उदाहरण जसंच्या तसं पाळण्याची सक्ती नाही. काही संस्था सगळी उदाहरणं धोरणात उतरवतात आणि पुढे स्वतःच्याच नियमात अडकतात. काही जण 'नुसतं मार्गदर्शनच तर आहे' म्हणून ते फाइलला लावून मोकळे होतात. हे जास्त महागात पडतं. बदललेल्या प्रत्येक परिच्छेदापुढे एक ओळ लिहा: काय ठरलं, का, कोणी, कधी. वेगळी वाट धरली असेल तर 'का'चा रकाना रिकामा ठेवू नका.

धोरण नवं, गुणपत्रक जुनं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. धोरणाची नवी आवृत्ती मंजूर होते, संकेतस्थळावर चढते, पण मूल्यमापकाच्या लॅपटॉपवर गेल्या वर्षीचाच फॉर्म उघडा असतो. हितसंबंधांचा घोषणा-फॉर्म बघा. नव्या रचनेत मूल्यमापनाचा काही भाग प्रशिक्षण देणाऱ्यांकडेही जाऊ शकतो. तरी फॉर्म विचारतो फक्त, 'उमेदवार तुमचा नातेवाईक आहे का?' ज्यानं शिकवलं तोच गुण देतोय, हे त्यात कुठेच उमटत नाही. मूल्यमापक प्रामाणिकपणे 'नाही' लिहितो आणि कागद निर्दोष दिसतो. म्हणून बदल धोरणापासून सुरू करून फॉर्म, गुणपत्रक, प्रशिक्षणाच्या स्लाइड आणि नमुना तपासणीची यादी इथपर्यंत हाताने पोहोचवा. कंत्राटी मूल्यमापकांना नुसता ईमेल पुरत नाही. जुनी फाइल सर्व्हरवरून काढून टाका, म्हणजे ती उघडायचा प्रश्नच उरत नाही.

आजची तारीख पाहून नियम लावणं

शिकाऊ उमेदवारीचा किमान कालावधी १२ महिन्यांवरून ८ महिने झाला तो १ ऑगस्ट २०२५ पासून सुरू होणाऱ्यांसाठी. सॉफ्टवेअरमधली तपासणी आजच्या तारखेवर बेतलेली असेल, तर जुलैत रुजू झालेला उमेदवारही ८ महिन्यांवर पुढे सरकतो. तपासणी रुजू होण्याच्या तारखेला जोडा. मूल्यमापन आराखड्याचंही तसंच. उमेदवाराच्या नोंदीत त्याला लागू असलेल्या आराखड्याच्या आवृत्ती क्रमांकाचा वेगळा रकाना हवा. शेऱ्यात लिहिलेला क्रमांक छाननीच्या वेळी कोणालाच सापडत नाही.

चौकशी संपेपर्यंत गप्प बसणं

प्रश्नपत्रिका फुटल्याचा संशय आला आणि उमेदवारांवर वाईट परिणाम होण्याची शक्यता दिसली, की अट बी३ नुसार ऑफक्वलला लगेच कळवायचं असतं. सगळा तपशील हाती नसला तरी चालतं, तो मागाहून पाठवता येतो. अंतर्गत कार्यपद्धतीत 'चौकशी अहवालानंतर कळवावे' असं वाक्य असेल, तर आधी ते खोडा.