त्रिशंकू निकालावर ब्रिटनचे लोक काय म्हणतात? नागपुरात बसून नोंद ठेवण्याची पद्धत

ब्रिटनमध्ये कोणालाच बहुमत मिळालं नाही की आपल्याकडे एक मथळा हमखास फिरतो: ‘ब्रिटनची जनता संतप्त’. जनता म्हणजे नेमकं कोण आणि संताप कशावर, हे त्यात नसतं. पत्रकारितेचे विद्यार्थी, यूपीएससीचे अभ्यासगट, किंवा मुलगी लीड्सला नाहीतर मँचेस्टरला शिकते म्हणून लक्ष ठेवणारे पालक, यांना त्याहून नीट चित्र हवं असेल तर दोनशे पानी वही, चार-पाच जणांचा गट आणि काही महिन्यांची चिकाटी एवढं पुरतं. महिने लागतात, कारण अशा निकालावरची सगळ्यात मोठी प्रतिक्रिया निकालाच्या रात्री येत नाही.

पहिली रात्र

मतदान गुरुवारी होतं, सकाळी ७ ते रात्री १०. उन्हाळ्यात ब्रिटन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, हिवाळ्यात साडेपाच. म्हणजे मे-जूनमधल्या निवडणुकीचा एक्झिट पोल आपल्याकडे शुक्रवारी पहाटे २:३० ला येतो, डिसेंबरमधल्या निवडणुकीचा ३:३० ला. रात्रभर जागू नका. दहाला झोपा, सव्वादोनला उठा. मे-जूनमध्ये नागपुरात झोपण्याआधी कूलरची टाकी काठोकाठ भरा, नाहीतर ऐन आकडे यायच्या वेळी पंप कोरडा घरघरायला लागतो आणि कोणाला तरी बादली घेऊन उठावं लागतं.

तिथे मतपत्रिका हातानं मोजतात. पहिला निकाल बहुतेक सुंदरलंड किंवा न्यूकॅसलहून, आपल्या साडेतीनच्या आसपास. मग बराच वेळ शांतता. खरा लोंढा सकाळी ६ ते ९ मध्ये येतो. तर्री-पोहे आणायला जायचं असेल तर पाचलाच जाऊन या. सातला गेलात तर शंभरेक मतदारसंघ हातचे जातील.

एक्झिट पोलचे आकडे लाल शाईनं लिहा, निकालाचे निळ्या. सुमारे १३० ते १४५ मतदान केंद्रांबाहेर लोकांना तशीच नकली मतपत्रिका पुन्हा भरायला देऊन हा अंदाज काढतात. उत्तर आयर्लंड त्यात नसतं. २०१० मध्ये हुजूर पक्षाला ३०७ जागांचा अंदाज होता, मिळाल्या ३०६. २०१७ मध्ये अंदाज ३१४, मिळाल्या ३१७. पण २०१५ मध्ये अंदाज ३१६ चा होता आणि आल्या ३३१, म्हणजे स्पष्ट बहुमत. त्या पहाटे ‘त्रिशंकू’ म्हणून दिलेल्या सगळ्या प्रतिक्रिया सकाळपर्यंत निरर्थक ठरल्या. म्हणून पहाटे अडीच ते आठमधली प्रत्येक प्रतिक्रिया लाल शाईतच ठेवा. ती अंदाजावरची आहे, निकालावरची नाही.

जागांचं गणितही त्याच पानावर मांडा. एकूण जागा ६५०, कागदावर बहुमत ३२६. पण शिन फेन या उत्तर आयर्लंडमधल्या, आयर्लंडशी एकीकरण मागणाऱ्या पक्षाचे खासदार सभागृहात बसत नाहीत, आणि सभापती व तीन उपसभापती मतदान करत नाहीत. २०१७ मध्ये शिन फेनचे ७ होते. ६५० मधून ७ आणि ४ वजा केले की उरले ६३९, म्हणजे प्रत्यक्ष बहुमत ३२०. हुजूर पक्षाच्या ३१७ पैकी एक उपसभापती, म्हणून मतं ३१६. त्यात पाठिंबा देणाऱ्या डीयूपीची (ब्रिटनमध्येच राहू पाहणारा उत्तर आयर्लंडचा पक्ष) १० मिळवली की ३२६. समोर ३१३. सरकार १३ मतांनी तरलं. हे गणित न करता ‘बहुमत हुकलं’ एवढंच लिहिलं की पुढचा सौदा का झाला आणि लोक त्यावर का चिडले, हे समजत नाही.

वही कशी आखायची

सहा रकाने: तारीख आणि ब्रिटिश वेळ, ठिकाण आणि मतदारसंघ, कोण बोललं, कशावर, नेमके शब्द किंवा कृती, आपल्याला कुठून कळलं. चौथा रकाना सगळ्यात रुंद ठेवा. त्यात चारपैकी एक शब्द लिहायचा: निकाल, नेता, पद्धत (मतदानाची), सौदा (सरकारसाठी पक्षांनी आपसात केलेला).

एक नोंद भरून पाहू. शनिवार, ८ मे २०१०. लंडन, स्मिथ स्क्वेअर. आत लिबरल डेमोक्रॅट पक्षाची बैठक चालू, बाहेर सुमारे हजार माणसं जमलेली. मागणी मतदानाची पद्धत बदलण्याची. त्या पक्षाला २३ टक्के मतं आणि ६५० पैकी फक्त ५७ जागा मिळाल्या होत्या. शेवटी पक्षाचे नेते निक क्लेग बाहेर येऊन भोंग्यावरून बोलले. चौथ्या रकान्यात ‘पद्धत’. इथे ‘निकाल’ लिहिलंत तर पूर्ण चूक, कारण त्या गर्दीला त्रिशंकू निकाल ही संधी वाटत होती.

त्याच निवडणुकीत काही केंद्रांवर रात्री दहा वाजले म्हणून रांगेतल्या लोकांना मत न देताच परत पाठवलं होतं. क्लेग यांच्या शेफिल्ड हॅलममध्येही हे झालं. लोक भयंकर चिडले आणि पुढे २०१३ मध्ये कायदा बदलून रांगेतल्यांना मत देण्याचा हक्क मिळाला. हा राग रास्तच होता, पण त्रिशंकू निकालाशी त्याचा संबंध नव्हता. अशा नोंदींना वहीच्या मागच्या बाजूला वेगळी पानं ठेवा. एकाच दिवशी दोन राग उसळले की बातमीदार त्यांची मोळी बांधतात; ती सोडवणं हे आपलं काम.

एक सौदा, चार देश

इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांची पानं वेगळी करा. यात आळस करू नका. आपल्याकडे सर्वाधिक चूक इथेच होते. २०१७ घ्या. ८ जूनला मतदान, २६ जूनला हुजूर पक्ष आणि डीयूपी यांचा करार, आणि उत्तर आयर्लंडसाठी १ अब्ज पौंड जादा. लंडनमध्ये मोर्चे निघाले ते डीयूपीच्या गर्भपात आणि समलिंगी विवाहाबद्दलच्या भूमिकेवरून. वेल्स आणि स्कॉटलंडमधली तक्रार पैशाची: त्यांना दिले, आम्हाला का नाहीत? उत्तर आयर्लंडमध्ये प्रश्न त्याहून नाजूक. १९९८ च्या गुड फ्रायडे करारानुसार लंडनच्या सरकारनं तिथल्या दोन्ही बाजूंत, म्हणजे ब्रिटनमध्ये राहू पाहणारे आणि आयर्लंडमध्ये जाऊ पाहणारे यांच्यात, निष्पक्ष राहायचं; त्यातल्या एका बाजूच्या, डीयूपीच्या, टेकूवर सरकार उभं असेल तर निष्पक्ष कसं? माजी पंतप्रधान जॉन मेजर यांनीही हीच भीती उघड बोलून दाखवली होती. चारही ठिकाणी मथळा ‘संताप’च निघेल, पण तो संताप एक नव्हता.

यासाठी रोज चार वर्तमानपत्रांची वाचकांची पत्रं चाळा: यॉर्कशायर पोस्ट, ग्लासगोचं हेरल्ड, वेल्सचं वेस्टर्न मेल आणि बेलफास्ट टेलिग्राफ. अर्धा तास पुरतो. बीबीसी रेडिओ ४ वर शनिवारी दुपारी श्रोते फोन करून बोलतात. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळ असते, गटानं एकत्र ऐकायला ती वेळ सोयीची.

ओळखीच्यांना फोन करताना

तिथे कायदेशीर राहणारे भारतीय नागरिक राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून संसदेच्या निवडणुकीत मत देऊ शकतात, विद्यार्थीसुद्धा. नाव नोंदवलेलं असलं की झालं. म्हणजे धरमपेठेतून गेलेली तुमची भाची तिथली मतदार असू शकते, आणि तिचं मत एनआरआयचं मत म्हणून बाजूला टाकायचं नाही.

फोनवर ‘धक्का बसला का गं?’ असं विचारू नका. समोरचा माणूस भिडेखातर हो म्हणतो. आधी साधी माहिती विचारा: ‘तुझ्या मतदारसंघात कोण आलं? मागच्या वेळी कोण होतं?’ मग: ‘शेजारी काय म्हणतात?’ आणि शेवटी: ‘पुन्हा निवडणूक झाली तर तेच करशील?’ या शेवटच्या उत्तरात सगळ्यात जास्त मिळतं. तोच फोन पंधरा दिवसांनी आणि तीन महिन्यांनी परत करायचा, तेच प्रश्न, त्याच क्रमानं. उत्तर मराठीत आलं तर मराठीतच उतरवा. आपल्या शब्दांत गुळगुळीत करू नका.

सह्या, चाचण्या आणि पौंड

२०१७ मध्ये डीयूपीबरोबरच्या सौद्याविरुद्ध ५ लाखांवर सह्या जमल्या. आकडा मोठा, पण त्या खासगी संकेतस्थळावर होत्या. संसद विसर्जित झाली की संसदेचं याचिकांचं संकेतस्थळ बंद असतं. ते चालू असेल तर तिथले आकडे जास्त वजनाचे, कारण सही करणाऱ्याला आपण ब्रिटनचे नागरिक किंवा रहिवासी आहोत असं सांगून पोस्टकोड द्यावा लागतो आणि कोणत्या मतदारसंघातून किती सह्या आल्या हेही दिसतं. १० हजारांवर सरकार उत्तर देतं, १ लाखावर चर्चेचा विचार होतो.

जनमत चाचणीत आधी प्रश्नाचे शब्द वाचा, मग टक्के. तिथल्या चाचणी संस्थांच्या परिषदेचे सदस्य दोन कामकाजाच्या दिवसांत सगळे तक्ते खुले करतात. मथळ्यावर थांबू नका, तक्ता उघडा. दोन-तीन टक्क्यांच्या फरकावरून काहीच ठरवू नका.

पौंड घसरला म्हणजे लोक घाबरले, असं लिहिणं टाळा. २०१७ च्या एक्झिट पोलनंतर तो सुमारे २ टक्के पडला, पण दुसऱ्या दिवशी लंडनचा मुख्य शेअर निर्देशांक वर गेला, कारण त्यातल्या मोठ्या कंपन्यांची कमाई बरीचशी परदेशात आहे. मुलांची फी भरणाऱ्या पालकांनी दर जरूर पाहावा. वहीत त्याला जागा नको.

महाराष्ट्राचा चष्मा

आपल्याला २०१९ आठवतं: २४ ऑक्टोबरला निकाल, मध्ये राष्ट्रपती राजवट, पहाटेचा शपथविधी, आणि २८ नोव्हेंबरला उद्धव ठाकरे यांचं सरकार. त्या सवयीनं आपण ब्रिटनमध्ये राज्यपाल शोधतो, हॉटेलात ठेवलेले आमदार शोधतो. तिथे राजा कोणाला निवडत बसत नाही; पक्षांनी आपसात ठरवायचं आणि तोवर आधीचा पंतप्रधान जागेवर राहायचं. २०१० मध्ये गॉर्डन ब्राऊन पाच दिवस राहिले आणि ‘खुर्चीला चिकटले’ अशी टीका झाली, पण ते संकेताला धरूनच होतं. पक्षांतरबंदी कायदा तिथे नाही. आणि डीयूपीनं दिला तो आपल्या भाषेत बाहेरून पाठिंबा: विश्वासमत आणि अर्थसंकल्प यांवर साथ, मंत्रिपद नाही. २०१० चं मात्र खरं आघाडी सरकार होतं. वहीत हे दोन शब्द अदलाबदल करू नका.

वही कधी मिटायची

पाचव्या दिवशी नक्कीच नाही. स्मिथ स्क्वेअरच्या गर्दीनं मागितलेला मतदानपद्धतीचा बदल ५ मे २०११ ला, सौम्य रूपात, सार्वमताला आला आणि ६७.९ टक्के लोकांनी तो नाकारला. त्याआधी, ९ डिसेंबर २०१० ला, विद्यापीठाच्या फीची मर्यादा ९ हजार पौंडांपर्यंत वाढवण्याचा प्रस्ताव २१ मतांनी मंजूर झाला. फीवाढीला विरोध करू असं लेखी वचन देणाऱ्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे अनेक खासदार बाजूनं गेले आणि रस्त्यावर विद्यार्थी उतरले, निकालाच्या आठवड्यातल्या कुठल्याही गर्दीपेक्षा कितीतरी मोठ्या संख्येनं. चौथ्या रकान्यात ‘सौदा’.

म्हणून करार झाला त्या दिवशी त्यातलं प्रत्येक आश्वासन वेगळ्या पानावर उतरवा आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी गटानं एकदा तपासा: कोणतं पाळलं, कोणतं मोडलं, कोण बोललं. शेवटचं पान कोरं ठेवा. तिथे पुढच्या निवडणुकीत टेकू देणाऱ्या पक्षाच्या जागा लिहायच्या. लिबरल डेमोक्रॅट: २०१० मध्ये ५७, २०१५ मध्ये ८. डीयूपी: २०१७ मध्ये १०, २०१९ मध्ये ८.