दोन दरबारांची कादंबरी कशी लिहावी: कृष्णाकाठच्या आसरा, माळावरचा वेताळ

स्कॉटलंडच्या लोककथांत अदृश्य लोकांचे, म्हणजे परीलोकाचे, दोन दरबार येतात, सीली आणि अनसीली. ‘सीली’ म्हणजे सुखी, कृपावंत. अनसीली त्याच्या उलट. पण कृपावंत दरबारही अपमान विसरत नाही आणि दिलेल्या शब्दाची किंमत वसूल केल्याशिवाय राहत नाही. पंधरा ते अठरा वर्षांच्या वाचकांसाठी लिहिल्या जाणाऱ्या डार्क फँटसीत हे दरबार फार लाडके आहेत. मराठीत तशी कादंबरी लिहायची तर त्यांना नुसती नऊवारी नेसवून भागत नाही. सातारा-सांगलीच्या पाण्यात आणि माळावर ज्या शक्ती लोकांनी पिढ्यानपिढ्या मानल्या, त्यांच्यापासूनच सुरुवात करावी लागते.

आधी भांडण ठरवा

पात्रं, राजवाडे, पोशाख नंतर. दोन दरबार कशावरून भांडतात हे एका वाक्यात लिहिता आलं पाहिजे, आणि त्या वाक्यात दोघांचंही थोडं बरोबर असलं पाहिजे. ‘एक चांगला, एक वाईट’ असं ठरवलंत तर कादंबरी चाळिसाव्या पानावर संपते. पुढची पानं नुसती मारामारी असते.

या भागात भांडण शोधत फिरावं लागत नाही. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, जतच्या माळावर पाचशे-सहाशे. कृष्णा तिकडे उगम पावते आणि वाई, माहुली, कराड करत सांगलीला येते. तिच्या डोहांवर आणि काठच्या विहिरींवर शेंदूर फासलेले सात दगड दिसतात, त्या साती आसरा. पूर्वेकडे माळावर दगडांच्या रिंगणात वेताळ. अमावास्येच्या रात्री मशाली घेऊन त्याची स्वारी निघते असं मानतात. पाण्याचा दरबार आणि माळाचा दरबार.

आता यात टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजना आणा. पंपांनी कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं वर चढवून दुष्काळी तालुक्यांत नेलं जातं. आसरांच्या लेखी ही चोरी, वेताळाच्या लेखी शेकडो वर्षांची थकबाकी. माणसांनी मोटर सुरू केली आणि दोन दरबारांमधला जुना करार मोडला. एवढं हातात आलं की कादंबरीला पाया मिळाला.

तपासणी अशी करा. प्रत्येक दरबाराच्या बाजूनं दोनशे शब्दांचा अर्ज लिहा, तहसीलदारासमोर ठेवावा तसा. दोन्ही अर्ज दोन मित्रांना वाचायला द्या. दोघांनाही एकच बाजू पटली, तर दुसऱ्या बाजूचं दुःख अजून तुम्हालाच नीट कळलेलं नाही.

जागा नकाशावरच्या घ्या

साताऱ्याजवळ लिंब गावाची बारा मोटेची विहीर पाण्याच्या दरबारासाठी जणू बांधूनच ठेवली आहे. अठराव्या शतकातलं काम, अष्टकोनी घेर, जिना उतरून आत जायचं आणि पाण्याच्या अंगावरच दगडी महाल. वाचक म्हणेल, हे लेखकानं रचलंय. मग तो सुट्टीत जाऊन बघेल आणि विहीर खरीच असेल! ही भीती कल्पनेतल्या किल्ल्यातून मिळत नाही.

सीमेवरची जागा म्हणून हरिपूर आणि सांगलवाडीची पेवं घ्या. पेव म्हणजे हळद साठवण्यासाठी जमिनीत खोल खणलेला खड्डा, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद. नदीपासून हाकेच्या अंतरावर, तरी आत कोरडा. पाण्याच्या दरबाराच्या उशाशी माळाच्या दरबाराची चौकी ती हीच. बंद पेव उघडल्यावर माणूस लगेच आत उतरत नाही. कोंडलेल्या हवेत पुरेसा प्राणवायू नसतो आणि घाईनं उतरणारा गुदमरतो. तोंड उघडं ठेवून हवा खेळू द्यावी लागते. हा खरा नियम तुमच्या कादंबरीत जशाच्या तसा चालतो: दरबाराचं दार उघडलं तरी थांबायचं असतं, आणि घाईतला कोणीतरी थांबत नाही. २००५च्या महापुरात यातली बरीच पेवं पाण्यात गेली. एका दरबारानं दुसऱ्याची चौकी बुडवली असा तो प्रसंग लिहिता येईल. मात्र त्या पुरात खऱ्या माणसांची घरंदारं गेली, हे लिहिताना विसरू नका. पूर आसरांनी आणला एवढंच लिहून मोकळं होऊ नये. पुरानंतरचा गाळ आणि वास पानावर आला पाहिजे.

सांगलीचा आयर्विन पूल १९२९चा. तिथे कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर फक्त त्या दिवसाची पातळी लिहा: १२ फूट, १९ फूट, ३१ फूट. सांगलीकर वाचकाच्या पोटात गोळा यायला दुसरं काही लागत नाही.

जागा पाहायला जाताना सोबत कोणी असू द्या, पावसाळ्यात डोहाजवळ जाऊ नका आणि पेवात किंवा विहिरीच्या पाण्यात उतरू नका. वही घेऊन काठावर बसलात तरी पुष्कळ मिळतं: दगडाचा रंग, कोणता आवाज घुमतो, सावली किती वाजता कुठे पडते.

नियम थोडे, पण न मोडणारे

प्रत्येक दरबाराला तीन नियम पुरे. आठ-दहा केलेत तर तुम्हीच विसराल, आणि वाचक तेवढं एकच नेमकं पकडेल. नियम लोकांच्या वागण्यातून उचला. बाळंतिणीच्या उशाखाली सुरी किंवा विळा ठेवतात. स्कॉटलंडमध्येही पाळण्यात लोखंड ठेवायची रीत होती. म्हणजे लोखंडाचा नियम दोन्हीकडे पटतो. पण तो घेतलात की पुढचंही बघा: चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांचे एवढे लोखंडी मनोरे उभे आहेत, मग तिथे दरबार कसा भरणार? आयर्विन पूल दगडी कमानींचा, तिथून स्वारी जाईल. लोखंडी गर्डरच्या पुलावरून जाणार नाही. नियम असा नकाशावर ओढून बघितला की कथानकातले अर्धे प्रसंग आपोआप सुचतात.

दुसरा नियम हळदीचा. ओल्या हळदीच्या अंगानं एकट्यानं बाहेर पडू नये असं घरोघरी सांगतात. सांगली हा हळदीचा मोठा बाजार आहे, हंगामात यार्डाच्या आसपास हवेलाही तोच वास. अंगाला हळद लागलेलं माणूस दरबाराला दिसतं, असा नियम केला तर त्या दिवसांत अख्खी बाजारपेठ त्यांच्या नजरेत येते.

तिसरा नावाचा. स्कॉट लोक त्या अदृश्यांना ‘भले शेजारी’ म्हणत, थेट नाव घेत नसत. आपल्याकडे रात्री सापाला साप म्हणत नाहीत, लांबडं म्हणतात. आसरांनाही ‘त्या बाया’, ‘माउल्या’ म्हणून भागवतात. तुमच्या पात्रांना तसंच बोलू द्या, आणि एकदाच, अगदी नेमक्या जागी, कोणालातरी खरं नाव घेऊ द्या.

करार: कादंबरीचा कणा

काळोख रक्तानं येत नाही, किमतीनं येतो. माणूस दरबाराकडे काही मागतो, दरबार देतो, आणि बदल्यात जे जातं त्याची जाणीव उशिरा होते. टॅम लिनच्या स्कॉट पोवाड्यात परीलोक दर सात वर्षांनी नरकाला खंडणी भरतो आणि त्या खंडणीत माणूस जाण्याचं भय आहे. सह्याद्रीतली कारवी साधारण सात-आठ वर्षांनी एकदम सगळीकडे फुलते, बी धरते आणि झुडूप वाळून जातं. खंडणीची मुदत मोजायला याहून चांगलं घड्याळ कुठे मिळणार? कासच्या वाटेवर कारवीला कळ्या दिसल्या की घरातल्या आजीनं बोलणं बंद करावं. एवढ्यावर पहिलं प्रकरण उभं राहतं.

करार चार ओळींत वहीत लिहून ठेवा: काय दिलं, काय घेतलं, कधीपर्यंत, मोडला तर काय. मग त्यात एक फट ठेवा. ही फट भाषेतली असावी, आणि इथे मराठीसारखी श्रीमंत भाषा क्वचितच. ‘परवा’ म्हणजे होऊन गेलेला दिवस आणि येणाराही. मुलगी म्हणते, “परवाची रात्र तुमची.” ती येणारी रात्र धरून चालते. दरबार गेलेली रात्र घेतो, म्हणजे तिचा भाऊ जिवंत होता ती शेवटची रात्र तिच्या आठवणीतून पुसली जाते. तसंच ‘आम्ही’ आणि ‘आपण’. “आम्ही सुटू” यात ऐकणारा नाही, “आपण सुटू” यात आहे. कराराचं वाक्य तोंडी म्हणताना एखादं पात्र घाबरून चुकीचा शब्द वापरेल आणि शंभर पानांनी त्याचा हिशेब होईल. फट वाचकाच्या डोळ्यांसमोर ठेवा, लपवू नका. नंतर मागे जाऊन वाचल्यावर ती तिथेच होती हे त्याला दिसलं पाहिजे.

नायिका आणि तिचं हत्यार

वय सोळा-सतरा. तिची एक साधी गरज असावी जी घरातले मोठे पुरी करू शकत नाहीत. जग वाचवण्याची तिला घाई नको. समजा मिरजेत तंबोरे बनवणाऱ्या घरातली मुलगी आहे. तंबोऱ्याच्या जोडाच्या तारा पोलादाच्या, खर्जाची पितळेची. म्हणजे लोखंड तिच्या घरात पहिल्यापासून आहे, फक्त ते वाजतं. जवारी लावताना, म्हणजे तारेचा नाद खुलवताना, कान कसा लावायचा हे तिला येतं. बोलण्यातला खोटा सूर तिला ऐकू येणार. हत्यार असं हाताच्या कामातून आलं की निवडलेल्या कुळाची, जन्मखुणेची गरज उरत नाही.

प्रेम आणायचं असेल तर एक गोष्ट नजरेआड करू नका. दरबारी तीनशे वर्षांचा आणि ती सतरा वर्षांची असेल तर ताकद एकाच बाजूला आहे. त्या असमानतेला कादंबरीत कोणीतरी नाव दिलं पाहिजे, शक्यतो तिनंच.

आदरार्थी हाच तलवारीचा खेळ

तू, तुम्ही, आपण या तीन पायऱ्यांवर दरबाराचं सगळं राजकारण चालवता येतं.

“आपण यावं. बसावं.”
“मी उभीच बरी. माझा भाऊ कुठंय?”
“आपण आमचं पाणी प्यालात?”
“घोटभर.”
“मग बस खाली. तुझा भाऊ तुझ्या मागं उभाय.”

‘आपण’वरून ‘तू’वर घसरलेला तो एक क्षण अंगावर येतो, तिथे वेगळं वर्णन नको. दरबारी भाषा थोडी जुन्या वळणाची ठेवा. माणसांच्या तोंडी इथली बोली असू द्या: “काय करायलायस?”, “न्हाय वं”, “कुठं निघालीस गं बाय?” निवेदन प्रमाण मराठीत ठेवलं तर बोली संवादात उठून दिसते, दोन्हीकडे बोली भरली की शहरातला वाचक अडखळतो.

मोजमाप

साठ हजार शब्द पुरतात. छापील पानावर साधारण २७० शब्द धरले तर सव्वादोनशे पानं. तीस प्रकरणं, प्रत्येकी दोन हजार शब्द. रोज पाचशे, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे चोवीस आठवडे. पहिला दरबारी दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी दिसावा, करार सातव्याच्या आत व्हावा. प्रत्येक दरबारातली नावाची पात्रं पाचच्या वर नकोत, आणि नावांची पहिली अक्षरं वेगळी ठेवा. जलजा, जलदा आणि ज्वाला एकाच पानावर आल्या की वाचक हरवतो.

कुठे बिघडतं

बहुतेक हस्तलिखितं पहिल्या प्रकरणातच कोसळतात, कारण तिथे दरबारांचा हजार वर्षांचा इतिहास ओतलेला असतो. इतिहास भांडणातून, अर्ध्या वाक्यातून येऊ द्या. दुसरं, मुंजा, हडळ, जखीण, खवीस, चकवा असं सगळं एका कादंबरीत कोंबलं जातं. दोन दरबार असतील तर चकव्याला कोणाची तरी चाकरी द्या, नाहीतर वगळा.

तिसरी गोष्ट गंभीर आहे. चेटकीण ठरवून खऱ्या बायकांचा छळ झालेला आहे. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा आला, आणि त्यासाठी आयुष्य वेचणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचेच. त्यामुळे गावातली विधवा, एखादी जात किंवा भटकी जमात, मानसिक आजार असलेलं माणूस यांना दरबाराचं हस्तक करू नका. विधी पूर्ण काल्पनिक ठेवा, कोणी घरी करून बघेल असा नको. नांदत्या देवळातल्या देवाला खलनायक करायचीही गरज नाही. विहीर, माळ, पेव, पूल पुरेसे आहेत.

फेरलेखन

पहिला खर्डा झाला की तो तीन आठवडे बंद ठेवा. मग तीन फेऱ्या करा. पहिल्या फेरीत फक्त नियम तपासा: लोखंड, हळद, नाव कुठे मोडलं का? दुसरीत फक्त किंमत: प्रत्येक करारात ठरलेलं खरंच गेलं का, की शेवटी जादूनं परत मिळालं? परत मिळालं असेल तर तो शेवट कापा. तिसरी फेरी मोठ्यानं वाचायची. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली जिथे मराठी नाटक उभं केलं त्या सांगलीत संवाद कानानं तपासायला कमीपणा वाटू नये. जिथे श्वास अडतो तिथे वाक्य तोडा.

त्यानंतर पंधरा ते सतरा वयाचे तीन वाचक शोधा, नात्यातले नकोत. मत विचारू नका, सगळे छान म्हणतात. हातात पेन्सिल द्या आणि वाचताना जिथे पुस्तक खाली ठेवलं तिथे रेघ ओढायला सांगा. तिघांची रेघ एकाच प्रकरणात आली तर ते प्रकरण पहिल्यापासून पुन्हा लिहा.