कोरल वाढत नव्हतं, कारण मॅग्नेशियम

रीफ टँकमधलं, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या प्रवाळ-टाकीतलं, मॉन्टिपोरा कोरल (प्रवाळाचा एक प्रकार) जैसे थे. पॉलिप (कोरलचे इवलेसे जीव) उघडायचे, रंगही छान; पण कडेला नव्या वाढीची पांढरी रेघ काही दिसेना. लाइट वाढवला, खाद्य बदललं, नागपूरच्या उन्हाळ्यात चिलर लावून पाणी २६ अंशांवर ठेवलं. फरक शून्य. अगदी मेटाकुटीला आलो.

खूण पंपावर होती: पांढरा, खरखरीत थर. कोरलचा सांगाडा ज्यातून बनतो ते कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पाण्यातलं कार्बोनेट-बायकार्बोनेट) पाण्यात न टिकता तिथे बसत होती. त्यांना पाण्यात टिकवून धरणारं मॅग्नेशियम टेस्ट किटवर ११०० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग), म्हणजे कमी निघालं.

आधी मॅग्नेशियम रोज ५० पीपीएम वाढवत १३५० ला नेलं. त्यानंतरच अल्कलिनिटी ८ डीकेएच (तिचं एकक). दिवसाला १ डीकेएचपेक्षा जास्त वाढ अजिबात नाही. शेवटी कॅल्शियम ४२०. अल्कलिनिटी आणि कॅल्शियमची द्रावणं एकत्र ओतू नका, पाणी लगेच दुधाळ होतं. पंप व्हिनेगरमध्ये भिजवून घासला. रेघ आली; मॅग्नेशियम आता दर आठवड्याला तपासतो.