जेडमधील एजंटाला तातडीचा संदेश वेळेत कसा मिळेल

गोदामातील स्वयंचलित गाडी चालवणाऱ्या एजंटाला (स्वतः निर्णय घेऊन काम करणाऱ्या सॉफ्टवेअरला) ‘थांब’ असा संदेश गेला, तो त्याच्या रांगेत पोहोचलाही, आणि तरी गाडी पुढे जातच राहिली, तर दोष नेटवर्कचाच असेल असे धरून चालू नये. असे एजंट बनवण्याच्या, जावा या प्रोग्रामिंग भाषेवर आधारलेल्या जेड या प्रणालीत प्रत्येक एजंटाला मुळात एकच थ्रेड, म्हणजे सूचना एकामागून एक पार पाडणारा प्रवाह, मिळतो आणि त्याची सर्व बिहेवियर्स, म्हणजे त्याला नेमून दिलेली कामे, त्यावर आळीपाळीने चालतात. एकाचे ‘ॲक्शन’, म्हणजे त्या पाळीला चालणारा कोड, संपल्याशिवाय दुसऱ्याची पाळी येत नाही. म्हणून आधी लांबलचक कामे तोडावीत. 400 टप्प्यांचा मार्ग एका दमात आखण्याऐवजी दर पाळीला 20 टप्पे आखावेत व बाकीचे पुढच्या पाळीवर सोडावेत. माझ्या मते सर्वांत मोठा फरक इथेच पडतो. संदेश येईपर्यंत वाट पाहत राहणारी ‘ब्लॉकिंग रिसीव्ह’ ही आज्ञा अशा एजंटात वापरूच नये, कारण ती सगळा थ्रेड अडवून ठेवते.

त्यानंतर तातडीच्या संदेशांसाठी स्वतंत्र बिहेवियर लिहावे. जेड एजंटांमधील संवादाच्या ज्या फिपा मानकाप्रमाणे संदेश पाठवते, त्यात प्राधान्यासाठी रकानाच नाही. तेव्हा खूण आपणच ठरवावी लागते. काम रद्द करण्यासाठी ‘कॅन्सल’ हा संदेशाचा प्रकार आहेच, इतर संदेशांसाठी ऑन्टोलॉजीच्या (संदेशातील शब्दसंग्रह सांगणाऱ्या) रकान्यात एक ठरावीक नाव पुरते. त्या खुणेचे मेसेज टेम्प्लेट, म्हणजे संदेश निवडण्याची चाळणी, रांगेतून संदेश उचलणाऱ्या ‘रिसीव्ह’ला दिले, की रांगेत पुढे कितीही साधे संदेश असले तरी जुळणारा संदेशच हाती येतो, काही जुळले नाही तर ‘ब्लॉक’ करून परतावे; याने नवा संदेश येईपर्यंत फक्त ते बिहेवियर थांबते, सगळा थ्रेड नाही. मात्र साध्या संदेशांचे बिहेवियर टेम्प्लेटविना ‘रिसीव्ह’ करत असेल, तर तेच तातडीचा संदेश उचलून नेते आणि सारी मेहनत वाया जाते. त्यालाही तेच टेम्प्लेट ‘नॉट’ लावून, म्हणजे उलटे करून, द्यावे.

रांगेला मर्यादा घालताना जपावे: रांग भरली की सर्वांत जुना संदेश टाकला जातो, मग तो तातडीचा का असेना. पाठवणाऱ्याने संदेशात ‘रिप्लाय बाय’ची, म्हणजे उत्तर कधीपर्यंत हवे ती, वेळ घालावी आणि ती उलटून गेलेला आदेश एजंटाने पाळू नये, तसे उत्तर मात्र जरूर द्यावे.

एवढे करूनही जावाचा गार्बेज कलेक्टर (न लागणारी मेमरी मोकळी करणारा भाग) मध्येच थ्रेड थांबवू शकतो. माणसाच्या जिवाशी संबंधित थांबा असेल, तर तो संदेशावर न सोपवता थेट मोटरचा वीजपुरवठा तोडणाऱ्या स्वतंत्र सुरक्षा परिपथावर ठेवावा.