दाबमापकावरून लाटेची उंची काढताना: ठाणे खाडीतल्या जेट्टीसाठी

समजा, वाशी किंवा बेलापूरच्या बाजूला खाडीच्या तळाशी दाबमापक बसवला आहे. लाट वरून गेली की सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी दाबात १२०० पास्कलचा फरक दिसतो. खाऱ्या पाण्याचा एक मीटर स्तंभ म्हणजे १०२५ × ९.८१, साधारण १००५५ पास्कल. सरळ भागाकार केला तर लाट १२ सेंटिमीटरची निघते. ३ सेकंदांची लाट (म्हणजे एका शिखरानंतर ३ सेकंदांनी पुढचे शिखर) आणि ४ मीटर पाणी असेल, तर तिची खरी उंची ४० सेंटिमीटर असते.

मापक चुकलेला नाही. लाटेमुळे होणारा दाबातला बदल खाली जाता जाता विरतो, आणि लाट जितकी आखूड तितका लवकर विरतो. मापकापर्यंत त्याचा किती हिस्सा पोचला, तो दाब-गुणक आधी काढावा लागतो.

पहिल्यांदा त्या वेळची खोली घ्या. नोंदीतल्या सरासरी दाबातून हवेचा दाब वजा करा, १००५५ने भागा आणि मापक तळापासून जितका वर असेल ती उंची मिळवा. हवेच्या दाबात १ हेक्टोपास्कलची चूक झाली तर खोली सुमारे १ सेंटिमीटरने चुकते, ती चालते. पावसाळ्यात पाणी गोडसर होऊन घनता १००० पर्यंत उतरली, तरी उंचीत जेमतेम अडीच टक्के फरक पडतो. त्यात वेळ घालवू नका.

मग तरंगसंख्या (२ × ३.१४१६ भागिले लाटेची लांबी). आवर्तकाल ३ सेकंद, म्हणून कोनीय वारंवारता २ × ३.१४१६ ÷ ३ = २.०९४. तिचा वर्ग भागिले ९.८१ म्हणजे ०.४४७, आणि याला ४ मीटर खोलीने गुणले की १.७८८. आता जी संख्या गुणिले तिचा टॅनएच (tanh, हायपरबोलिक टॅन) बरोबर १.७८८ होईल, ती शोधायची; ती म्हणजे तरंगसंख्या गुणिले खोली. १.७८८ला त्याच्याच टॅनएचने भागा: १.८९१ येते. आता १.७८८ला १.८९१च्या टॅनएचने भागा: १.८७१. तसेच पुढे १.८७५ आणि १.८७४. इथे थांबा; तरंगसंख्या हवी असेल तर १.८७४ ÷ ४ = ०.४६९. उथळ पाण्यात उत्तर दोन बाजूंना झोके घेत राहते. तेव्हा शेवटच्या दोन आकड्यांची सरासरी घेऊन पुढे जा. कॅल्क्युलेटरवर हायपरबोलिकचे बटण राहून साधा टॅन दाबला जाणे ही इथली नेहमीची चूक. या आकड्यांना टॅनएच ०.९५च्या आसपास येतो, त्यावरून ती लगेच पकडता येते.

तळाशी ठेवलेल्या मापकाचा गुणक म्हणजे १ भागिले १.८७४चा कॉशएच (cosh, हायपरबोलिक कोसाइन): १ ÷ ३.३३ = ०.३०. उंची = १२०० ÷ (१००५५ × ०.३०) = ०.४० मीटर.

खरी अडचण भरतीची आहे. उधाणाला मुंबई बंदरात भरती-ओहोटीतला फरक चार मीटरांच्या वर जातो. पाणी ४चे ७ मीटर झाले की त्याच लाटेचा गुणक ०.३० वरून ०.०८६वर येतो आणि तळाशी जेमतेम ३५० पास्कल पोचतात. दिवसभराला एकच गुणक लावला तर भरतीच्या लाटा खोट्या बुटक्या दिसतात, आणि लोक निष्कर्ष काढतात की भरतीला खाडी शांत असते. म्हणून प्रत्येक नोंदीला तिचीच खोली वापरा.

गुणक ०.१च्या खाली गेला की थांबा. त्यापलीकडे मापकाचा खरखराट दहापटीहून जास्त फुगतो आणि लाट म्हणून मोजला जातो. तळाच्या मापकासाठी ही सीमा ४ मीटर पाण्यात २.३ सेकंदांवर, तर ७ मीटरला ३.१ सेकंदांवर येते. म्हणजे भरतीत आपली लाटच हातची जाते. उपाय साधा आहे: मापक जेट्टीच्या खांबावर तळापासून ३ मीटर वर बांधा. मग गुणक तळापासूनच्या उंचीचा कॉशएच भागिले पूर्ण खोलीचा कॉशएच (दोन्ही तरंगसंख्येने गुणून) असा होतो: ४ मीटर पाण्यात ०.६५, ७ मीटरला ०.१८. मात्र उधाणाच्या ओहोटीलाही तो अर्धा मीटर बुडालेला राहील हे आधी पाहून घ्या. तळाशी ठेवला तर खाडीचा गाळ त्याला गाडतो, हे वेगळेच.

खऱ्या लाटा एकाच आवर्तकालाच्या नसतात. सेकंदाला ४ वाचने, एकूण ४०९६, म्हणजे सुमारे १७ मिनिटे नोंदवा. भरतीचा संथ चढ-उतार काढून टाका. मग दाबाचा वर्णपट (कोणत्या वारंवारतेचा दाबाच्या चढ-उतारात किती वाटा, तो आलेख) घ्या आणि त्यातल्या प्रत्येक वारंवारतेच्या मूल्याला (१००५५ × तिचा गुणक)च्या वर्गाने भागा. या नव्या आलेखाखालचे, गुणक ०.१ होतो त्या सीमेपर्यंतचे क्षेत्रफळ, त्याचे वर्गमूळ गुणिले ४, ही लक्षणीय उंची (साधारण सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी). बोट गेली त्या मिनिटाच्या नोंदी वेगळ्या काढा; तिच्या लाटा वाऱ्याच्या नाहीत, आणि १७ मिनिटांच्या सरासरीत त्या विरूनही जातात.

पडताळणीसाठी खांबावर ५ सेंटिमीटरच्या खुणांची पट्टी रंगवा आणि मोबाइलवर दोन मिनिटे चित्रित करा. सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी गणिताशी जुळली पाहिजे. ती दुप्पट निघाली, तर बहुधा खोली चुकीच्या वेळची लावली आहे.