सातपुड्यात फील्डवर्कला जाताना आधी कोणाला भेटाल?

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ जळगावात असलं तरी त्याचा पसारा धुळे-नंदुरबारपर्यंत आहे. समाजकार्य असो, वनस्पतिशास्त्र असो की राष्ट्रीय सेवा योजनेचं (रासेयो) शिबिर, कधीतरी सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याची वाट धरावीच लागते. विभागाचं पत्र ग्रामपंचायतीत द्या, सही-शिक्का घ्या, ते हवंच. पण तिथे गाव म्हणजे डोंगरभर विखुरलेले पाडे, आणि पाड्यावर शब्द चालतो तो कारभारी (पाड्याचा पारंपरिक प्रमुख) आणि पुजाऱ्याचा. आदिवासी भागासाठीच्या पेसा कायद्याने (१९९६) ग्रामसभेला आपल्या रूढी-परंपरा आणि तंटे मिटवायची पारंपरिक रीत जपण्याचा अधिकार दिलाय, तेव्हा या माणसांना भेटणं ही नुसती रीतभात समजू नका.

आम्ही लोकजैवविविधता नोंदवहीच्या, म्हणजे गावातल्या वनस्पती-प्राणी आणि त्यांबद्दलचं गावाचं ज्ञान लिहून ठेवायच्या कामाला गेलो होतो. कारभाऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे लिहिलेलं कोणाच्या नावावर जाणार?" गावाची वही गावाच्याच जैवविविधता समितीकडे राहते, हे पावरी ही तिथली आदिवासी बोली बोलणाऱ्या आमच्या एका विद्यार्थिनीने समजावलं, तेव्हा कुठे पुजारीबाबा बोलायला लागले. वनस्पतींची नावं सांगितली, कशावर चालतात तेही सांगितलं. एका मुळीपाशी मात्र थांबले. "जागा लिहू नका. उद्या कोणी गाडी घेऊन येईल, मुळासकट नेईल." आम्ही तो रकाना कोरा ठेवला. मार्गदर्शक रकाने भरायचा आग्रह धरतील. तुम्ही कोराच ठेवा आणि का ठेवला ते अहवालात लिहा. माझ्या मते विद्यापीठाची पत त्या कोऱ्या रकान्यात जास्त आहे.

साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला गेलात तर काम सोपं जाईल. चैत्राम पवार (पद्मश्री, २०२५) आणि गावकऱ्यांनी राखलेलं ते जंगल बघायला अभ्यासक येतच असतात. पण सगळीकडे तशी सवय धरू नका.

वेळ बघून जा. दिवाळीनंतर बरीच कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत उतरतात, होळीला परततात. होळीच्या दिवसांत प्रश्नावली काढू नका. पहिल्या भेटीत फक्त बसा, चहा घ्या, मोबाइल खिशात ठेवा. अहवाल झाला की चार पानांचा मराठी सारांश घेऊन पुन्हा पाड्यावर जा, त्यांच्या बोलीत वाचून दाखवा, आणि ते म्हणतील ते खोडून मगच विभागात जमा करा.